शेवटचे २४० तास

बर्किट लिम्फोमाच्या पेशी २४ ते ४८ तासांत दुप्पट होऊ शकतात, म्हणून या आजाराचा घटनाक्रम तासांतच मांडावा लागतो. खालचा हिशेब शेवटापासून उलटा मोजलेला आणि २४ तासांच्या दुपटीचा, म्हणजे सर्वांत वाईट. प्रत्यक्षात बऱ्याच पेशी वाटेत मरतात आणि वेग थोडा कमी पडतो. अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या गावातला सात वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर धरू.

९६० तासांच्याही आधी

आतड्याजवळच्या लसिका ग्रंथीत एक बी पेशी कामात आहे. जंतूविरुद्ध अधिक नेमकी प्रतिपिंडं हवीत, म्हणून ‘एड’ नावाचं विकर १४व्या गुणसूत्रावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम काप घेतं. रोजचंच काम. या वेळी एक काप ८व्या गुणसूत्रावर, ‘मिक’ जनुकापाशीही पडतो. दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना फक्त तुटकी टोकं जोडायची असतात. आठचा तुकडा चौदाला लागतो, चौदाचा आठला. मिकचं काम पेशीला वाढीचा हुकूम देणं. एरवी ते गरजेपुरतं चालतं. आता ते अशा जागी येऊन बसलंय, जिथली जनुकं बी पेशीत कायम चालूच ठेवलेली असतात.

एवढ्यानं कर्करोग होत नाही. उदाहरणार्थ, चौदाचा तुकडा अठराव्याशी जोडला गेला तर ती फॉलिक्युलर लिम्फोमाची पहिली पायरी, पण तशी अदलाबदल कितीतरी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडते.

९६० तास

मिक बेफाम झालं की पेशी सहसा स्वतःला संपवते. हा पहारा, पुष्कळदा पी-५३ जनुक बिघडल्यानं, उठतो. एक पेशी उरते.

२४० तास

तीस दुपटी झाल्या. एक अब्ज पेशी, वजन साधारण एक ग्रॅम, भिजलेल्या हरभऱ्याएवढी गाठ. मुलगा शाळेत जातोय.

१२० तास

३२ ग्रॅम. पोट दुखतं. आजी म्हणते, “जंत असतीन.” सोनोग्राफीत ग्रंथी सुजलेल्या दिसतात आणि पहिला संशय पोटाच्या टीबीचा येतो. त्यात डॉक्टरची चूक नाही. आपल्याकडे टीबीच जास्त. पण औषध सुरू करून दोन आठवडे वाट पाहणं टीबीत चालतं, इथं नाही. त्याहून मला भीती वाटते ती स्टेरॉइडची. गाठ ओसरते, पोर दोन दिवस खेळतं, आणि नंतर काढलेला तुकडा नीट काही सांगत नाही.

७२ तास

१२८ ग्रॅम. बायोप्सी होते. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशींची गर्दी, मध्ये मेलेल्या पेशी गिळणाऱ्या फिकट पेशी. निदान पक्कं करायला फिश तपासणी लागते: मिकच्या एका बाजूला लाल रंग, दुसऱ्या बाजूला हिरवा. जनुक शाबूत असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात. तुटलेलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे.

४८ तास

पाव किलो. “पोट फुगून रायलं, डाक्टरसाहेब,” बाप सांगतो. मुंबईला न्यायचं ठरतं. संध्याकाळी अमरावतीहून सुटणारी एक्सप्रेस बडनेरा, अकोला करत पहाटे मुंबई गाठते; वऱ्हाडातली किती घरं याच गाडीनं परळच्या टाटा रुग्णालयात गेली असतील. जायलाच हवं. भराभर वाढणाऱ्या या पेशी केमोला तितक्याच भराभर बळी पडतात, आणि वेळेत पोचलेली बहुतेक मुलं बरी होतात. पण गाडीत बसण्याआधी युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि एलडीएच अकोल्यातच तपासता येतात. सलाइन आणि युरिक अ‍ॅसिड रोखणारं अ‍ॅलोप्युरिनॉल इथंच सुरू करता येतं. त्यासाठी फिशच्या अहवालाची वाट पाहायची काहीच गरज नाही, आणि हे मी प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर लिहून लावलं असतं.

२४ तास

अर्धा किलो. मरणाऱ्या पेशींमधलं पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात सांडतंय. त्यांच्या डीएनएचं युरिक अ‍ॅसिड होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात. सकाळपासून लघवी झालेली नाही.

० तास

पोटॅशियम बाहेर टाकायला मूत्रपिंडं उरलेली नाहीत. ईसीजीवरच्या लाटा आधी टोकदार होतात, मग रुंदावतात, मग हृदय थांबतं. दाखल्यावर कारण लागतं ‘मूत्रपिंड निकामी’, आणि आठ-चौदाचा अहवाल यायचाच असतो.