दुधाची वही कुणाच्या हातात?

परवा बातमीसाठी एका गोठ्यावर गेलो होतो. आठ गाई, नवरा-बायको दोघंच राबतात. भाऊंनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, दुधाच्या पावत्यांनी गच्च भरलेली. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, कपात, सगळं छापील. मी विचारलं, "एक लिटर दूध तुम्हाला कितीला पडतं?" भाऊ नुसते हसले. वहिनी आतून म्हणाल्या, "ते कोण लिहितंय?"

मित्रांनो, हा आळस नाही. दुधाची वही आपल्याकडे आधीपासूनच घेणाऱ्याच्या हातात राहिली. माझ्या आजीकडे रतिबाचा हिशोब भिंतीवर असायचा, कोळशाच्या रेघा. एक रेघ एक माप, खाडा पडला की फुली. भिंत गिऱ्हाइकाची, रेघाही गिऱ्हाइकाच्याच. गवळ्याकडे होती फक्त आठवण.

तेव्हा दूध मापावर जायचं. पाणी घालणारा आणि न घालणारा एकाच दरात. यावर उपाय निघाला 1890 साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. स्टीफन बॅबकॉक यांनी गंधकाम्ल घालून नमुना फिरवायचा आणि फॅट मोजायची सोपी रीत काढली. तिचं पेटंटही घेतलं नाही बिचाऱ्यांनी. पाठोपाठ स्वित्झर्लंडच्या गर्बर यांची पद्धत आली. आपल्या डेअऱ्यांत वर्षानुवर्षं ॲसिडच्या वासात त्या काचेच्या नळ्या फिरत होत्या, त्या याच पद्धतीच्या.

आता गंमत बघा. फॅट मोजता येऊ लागल्यावर डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी काय केलं? 1895 मध्ये वेयेन गावात त्यांनी आपली मंडळी स्थापन केली. मंडळीचा माणूस गोठ्यागोठ्यावर जायचा. प्रत्येक गाईचं दूध मोजायचा, फॅट काढायचा आणि तिनं खाल्लेल्या चाऱ्याचीही नोंद करायचा. कुठली गाय पोसते आणि कुठली नुसतीच खाते, ते कागदावर दिसायला लागलं. वही शेतकऱ्याची होती.

आपल्याकडे लढाई वेगळीच होती. गुजरातेत खेड्याचं दूध मुंबईला जायचं. दर ठेकेदार आणि पोल्सन कंपनी ठरवणार, शेतकऱ्यानं मान डोलवायची. 1946 मध्ये शेतकऱ्यांनी दूध बंद केलं आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल पुढे होते. माप आणि फॅट सभासदासमोर, पैसे नोंदीप्रमाणे, हा त्या पद्धतीचा कणा. पुढे 1963 मध्ये कोल्हापूरचा संघ आला, 1970 पासून दूध महापूर योजना आली आणि ही पद्धत आपल्याही गावागावात रुजली. पासबुक हातात आलं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायला लागला. ज्या बाईच्या हातात कधी नोट पडली नव्हती तिच्या नावावर खातं निघालं. हे मोठंच काम झालं, ते नाकारणारा करंटा.

पण पासबुकात नोंद होते ती केंद्रावर पोचलेल्या दुधाची. पशुखाद्य उधार घेतलं तर तेवढं कपातीत दिसतं. कडबा, मुरघास, डॉक्टर, लाइटबिल आणि पहाटे चारला उठणारी ती दोघं त्यात कुठंच नाहीत. भाकड काळ तर नाहीच नाही. गाय साधारण 305 दिवस दूध देते आणि 60 दिवस आटलेली असते. त्या दिवसांचा खर्च रोज दीडशे रुपये धरला तरी नऊ हजार होतात. पावतीवर त्या दोन महिन्यांत त्या गाईच्या नावानं शून्य. मुळात गाईचं नावच पावतीवर नसतं!

याचा फटका कधी बसतो? दराची बैठक होते तेव्हा. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला अमुक दर, एक पॉइंट कमी आला की कापा. संघ आणि खासगी डेअरीवाले आपापले आकडे घेऊन बसतात. आपण "परवडत नाही" म्हणतो. किती परवडत नाही, त्याचा कागद आपल्याकडे नसतो. 2024 मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हा अट पडली जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची आणि आधारला जोडलेल्या बँक खात्याची. धावपळ बघितलीय ना सगळ्यांनी? बारा आकडी बिल्ला मारून घ्यायला, नोंद ऑनलाइन चढवायला रांगा. वर्षानुवर्षं दूध घालणारी माणसंही कागदासाठी हेलपाटे मारत होती.

भाऊंच्या घरून निघताना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक अक्षरं होती. 'तांबडी भरवली.' 'कपिलीला डॉक्टर, 400.' वहिनींचं अक्षर. एकवीस दिवसांनी गाय परत माजावर येते का ते बघायला लिहून ठेवतात म्हणाल्या. विचारलं, मागच्या वर्षीचं कॅलेंडर कुठंय?

"चुलीत गेलं," म्हणाल्या.

कुणाच्या घरात जुनं दुधाचं पासबुक असेल तर खाली फोटो टाका. त्या वेळचा दर काय होता ते वाचायचंय.