जुनी गाडी नव्यापेक्षा महाग: ट्राबांटची गोष्ट

आजचा एपिसोड गाड्यांवर आहे, पण मायलेज आणि फीचर्सवर नाही. आज किमतीचा इतिहास बघूया.

झालंय असं की गेले दोन महिने मी सेकंडहँड गाडी शोधतोय. रोज रात्री जेवण झालं की ॲप उघडायचं आणि स्क्रोल करत बसायचं. दहा वर्षं जुनी जर्मन सेडान, एकेकाळी आपल्या स्वप्नातसुद्धा न येणारी, आज नव्या हॅचबॅकच्या भावात दिसते. नियम सगळ्यांना पाठ आहे: गाडी शोरूमच्या बाहेर पडली की किंमत उतरायला लागली.

पण युरोपात एक देश असा होता की तिथे हा नियम बरोबर उलटा चालायचा. गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत वाढायची! देश म्हणजे पूर्व जर्मनी आणि गाडी म्हणजे ट्राबांट. लाडाचं नाव ट्राबी.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. ट्राबांट बनायची त्स्विकाउ या गावात. याच गावात ऑगस्ट हॉर्श यांनी 1909 मध्ये जी कंपनी काढली, तिचं पुढे नाव झालं ऑडी. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग सोव्हिएत ताब्यात गेला, कारखाने सरकारी झाले आणि 1957 मध्ये तिथून ट्राबांट बाहेर पडली. त्याच वर्षी स्पुटनिक आकाशात गेला होता आणि ट्राबांट या शब्दाचा एक अर्थ उपग्रह.

1964 मध्ये तिचं 601 मॉडेल आलं. दोन सिलिंडरचं, 600 सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद आधी 23 आणि 1969 पासून 26 हॉर्सपॉवर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आपल्या जुन्या स्कूटरसारखं. मागून निळा धूर, वासही तोच. टाकी इंजिनाच्या वर, त्यामुळे फ्युएल पंपाची गरजच नाही. पेट्रोल किती उरलंय हे बघायला बऱ्याच गाड्यांत टाकीत पट्टी बुडवायची. पोलादाचा पत्रा मिळत नव्हता म्हणून बाहेरची बॉडी ड्युरोप्लास्टची, म्हणजे कापसाचा टाकाऊ भाग आणि रेझिन दाबून बनवलेली. लोक तिला पुठ्ठ्याची गाडी म्हणून हसायचे, पण ती पुठ्ठ्याची नव्हती.

ही गाडी जवळजवळ तशीच पंचवीस वर्षं बनत राहिली. तिथल्या इंजिनिअरांना काही येत नव्हतं असं नाही. त्यांनी 1960 च्या दशकातच नव्या गाडीचे नमुने तयार केले होते. वरून आदेश आला: थांबवा. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हे वाचताना कुठेतरी लागलं. चांगलं व्हर्जन तयार असतं, रिलीज करायची परवानगी नसते.

आता मुद्द्यावर येऊ. 601 ची सरकारी किंमत साधारण 8 ते 10 हजार मार्क. 1980 च्या दशकात सरासरी पगार महिन्याला हजार मार्कांच्या आसपास. म्हणजे अगदी आवाक्याबाहेर नाही. पण गाडी मिळायची कधी? नंबर लावल्यावर दहा ते पंधरा वर्षांनी! अठरा पूर्ण झाले की मुलं गाडीला नंबर लावून ठेवायची. गाडी हातात येईपर्यंत त्यांना स्वतःची मुलं झालेली असायची.

हे ऐकून आपल्याकडच्या जुन्या लोकांना हसू येणार नाही. आमच्या आजोबांनी स्कूटरला नंबर लावला होता आणि तो लागला तेव्हा बाबा कॉलेजात होते. लायसन्स राजमधली ती गोष्ट इथेही तशीच घडत होती.

मग काय, नव्या गाडीची किंमत सरकारने बांधलेली, पण जुन्या गाडीची किंमत बाजार ठरवायचा. आणि जुनी गाडी आज मिळायची. त्यामुळे थोडी वापरलेली ट्राबांट नव्याच्या दीडपट-दुपटीला जायची. रांगेतला नंबरसुद्धा विकला जायचा. पश्चिम जर्मनीत नातेवाईक असतील तर गेनेक्स नावाची सरकारी सोय होती. त्यांनी तिकडे पश्चिमेच्या चलनात पैसे भरले की तुमची रांग संपली. समानतेच्या देशात रांग मोडायचाही दर होता!

आणि मग आला 9 नोव्हेंबर 1989. बर्लिनची भिंत उघडली. ट्राबांटची रांगच्या रांग पश्चिमेकडे निघाली आणि ते दृश्य जगभर टीव्हीवर गाजलं. पण तीच मिरवणूक त्या गाडीच्या किमतीची अंत्ययात्रा होती. आता पलीकडच्या जुन्या फोक्सवॅगन गोल्फ, ओपेल सहज मिळणार होत्या.

1 जुलै 1990 ला पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क आला. मोठ्या माणसाचे बँकेतले पहिले 4 हजार मार्क एकास एक बदलून मिळाले, त्यावरचे दोनास एक. आता एक हिशोब करा. समजा दोन शेजारी आहेत, दोघांकडे 1989 च्या उन्हाळ्यात 18 हजार मार्क होते. एकाने आयुष्याची बचत घालून जुनी ट्राबांट घेतली. दुसऱ्याने पैसे बँकेतच ठेवले. वर्षभरात दुसऱ्याच्या हातात 11 हजार पश्चिमी मार्क आले, चांगली सेकंडहँड गोल्फ घेण्याइतके. पहिल्याकडे मात्र फुकटही कोणी नेणार नाही अशी गाडी उरली. त्याने चूक काय केली? काहीच नाही. त्याने त्या दिवशीच्या बाजारभावाने गाडी घेतली होती.

लोकांनी ट्राबांट रस्त्याकडेला, कचऱ्याच्या डब्यांजवळ सोडून दिल्या. शेवटी शेवटी तिला फोक्सवॅगनचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवून पाहिलं, पण उशीर झाला होता. 30 एप्रिल 1991 ला शेवटची ट्राबांट बाहेर पडली. एकूण आकडा सुमारे 31 लाख. कारखान्यातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

मग आज? आज जर्मनीत हजारो ट्राबांट अजून रस्त्यावर आहेत आणि नीट ठेवलेल्या 601 ला काही हजार युरो मोजावे लागतात. घेताना जाणकार खाली वाकून बघतात, कारण बॉडी गंजत नाही, पण आतला सांगाडा पोलादाचा आहे, तो गंजतो. घेणाऱ्यांत असे कितीतरी जण असतात ज्यांचा ती बनत होती तेव्हा जन्मही झाला नव्हता.

बघा, 26 हॉर्सपॉवर तेव्हाही होती, आजही तेवढीच. पंचवीस वर्षांत गाडी बदलली नाही, तिची किंमत मात्र आकाशात गेली, मातीत गेली आणि परत वर आली. पहिल्यांदा ती रांगेची किंमत होती. आता ती आठवणीची आहे. 2021-22 मध्ये चिपचा तुटवडा झाला, नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागलं, तेव्हा जुन्यांचे भाव जगभर चढलेच की!

म्हणून मी आता ॲपवर किंमत बघितली की एकच प्रश्न विचारतो: हे पैसे गाडीचे आहेत की रांगेचे? रांगेचे असतील तर रांग कधीही संपू शकते. एका रात्रीतसुद्धा.

तुमच्या घरी स्कूटर, फोन किंवा गॅसला लावलेल्या नंबरची गोष्ट असेल तर आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तोपर्यंत, काळजी घ्या!