तळटीप : ‘स्क्रूने पक्की केली’

* लेखकाने हे काम तीन शब्दांत उरकले आहे, पण खरे कसब तिथेच लागते. पोटमाळ्याचा डेक म्हणजे साधारण 1 मिमी जाडीचा, जस्ताचा मुलामा दिलेला पन्हळी पत्रा. त्यावर 6 मिमीची पोलादी चेकर्ड प्लेट बसते. चौरस मीटरला तिचे वजन सुमारे 47 किलो, नक्षीचे वेगळे. स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू दोन्हींतून सरळ घातला, तर त्याचे आटे जाड प्लेटमध्ये आधीच धरतात आणि टोक मात्र खालचा पत्रा कोरतच असते. पत्रा खाली ढकलला जातो, मधली फट तशीच राहते. पुढे पावलागणिक वाजणारी प्लेट ती हीच. म्हणून प्लेटला आधी स्क्रूपेक्षा किंचित मोठे भोक पाडतात आणि स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागात नव्हे, उंच कंगोऱ्यावर आणतात. मोठ्या भोकाचा दुसराही उपयोग आहे : तापमान 30 अंशांनी चढले, की 6 मीटर पोलाद सुमारे 2 मिमी वाढते.

वेल्डिंगचे टाके मारण्याचा मोह कृपा करून टाळावा. पातळ पत्रा जळून भोक पडते, आणि जळत्या जस्ताच्या धुराने कारागिराला थंडी वाजून ताप भरतो. जड ट्रॉल्या फिरणार असतील, तर पत्र्यातल्या आट्यांवर विसंबू नये. लांब बोल्ट, मधल्या पोकळीत नळीचा तुकडा घालून, खालच्या तुळईपर्यंतच न्यावा. — संपादक