सल्लागारांचे राज्य
रोमच्या सिनेटला विधिमंडळ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु प्रजासत्ताकाच्या काळात कायदे जनसभा करीत, अंमल कॉन्सल चालवीत; सिनेटचा ठराव हा नावाप्रमाणे केवळ सल्ला असे. मग या सल्ल्यापुढे कॉन्सल का नमत? आम्हांस याचे मर्म मुदतीत दिसते. कॉन्सल एका वर्षाचा धनी. सिनेटचे सुमारे ३०० सभासद बहुधा तहहयात. वर्ष सरताच कॉन्सलला याच मंडळीत येऊन बसावयाचे असे! शिवाय खजिना सिनेटच्या हाती. तिला दुखविणाऱ्या सेनापतीने पैसा आणावा कोठून?

इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकस याने जमीनवाटपाचा कायदा सिनेटला न विचारता थेट जनसभेपुढे नेला. यात भंग झाला तो कायद्याचा नव्हे, रूढीचा. पुढे कॉन्सलने बळ वापरण्याचे नाकारताच सिपिओ नासिकाच्या मागोमाग सिनेटचे सभासदच लाकडे घेऊन धावले. टायबेरियस आणि त्याचे शेकडो अनुयायी मारले गेले. ज्यांचे शस्त्र केवळ शब्द, त्यांच्या हाती दंडुके आले.

इ. स. पू. १२१ मध्ये त्याचा भाऊ गायस याच्याविरुद्ध मात्र आधी ठराव झाला : राज्यास अपाय होणार नाही अशी दक्षता कॉन्सलने घ्यावी. हाही सल्लाच. तेवढ्या आधारावर कॉन्सल ओपिमियसने गायसच्या पक्षाचा संहार केला. आणि पुढल्या वर्षी जनतेपुढे खटला उभा राहिला तेव्हा तो निर्दोष सुटला.