निजामाच्या पट्ट्यातला धूसर ठिपका

मे महिन्यात दौलताबादच्या पुढे, शहराचे दिवे मागे टाकून, एका मित्राच्या शेतात आम्ही दुर्बीण लावली होती. वृश्चिकाच्या वर भुजंगधारीत मेसिए ९ सापडायला अर्धा तास गेला. दिसलं काय, तर काचेवर फुंकर मारल्यावर उमटते तशी वाफ. शार्ल मेसिएने १७६४ साली तो पाहिला, तेव्हा त्यालाही तारे दिसले नव्हते.

हा गोलाकार तारकागुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवर आहे. त्यातले तारे सूर्याच्या जवळपास दुप्पट वयाचे. इतकी दाटी की हवेच्या थरथरीत मधले तारे एकमेकांत मिसळून जातात. हवेच्या वर फिरणाऱ्या हबल दुर्बिणीने मात्र ते वेगळे करून दाखवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रात पार गाभ्यापर्यंत अडीच लाखांहून अधिक तारे मोजता येतात.

ते चित्र पाहताना मला हैदराबाद आठवतं. नवाब जफर जंग यांनी विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण आणून १९०१ साली वेधशाळा उभारली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०८ साली, ती निजाम सरकारकडे आली. आकाशाचा फोटो-नकाशा करण्याच्या जागतिक कामात निजामिया वेधशाळेला दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा मिळाला. मेसिए ९ नेमका त्याच पट्ट्यात येतो. पण यादी साधारण अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची होती आणि गुच्छातले तारे त्याहून मंद. म्हणजे आपल्याच पट्ट्यातले सर्वांत म्हातारे तारे तिथल्या मोजणाऱ्यांच्या हाती लागले नाहीत.

आधी इंग्रज संचालक चॅटवुड आणि पोकॉक, मग टी. पी. भास्करन, त्यांच्यानंतर अकबर अली. वर्षानुवर्षं काचेच्या प्लेटा मोजल्या गेल्या. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, आमच्या सुभ्याचा शेतसाराही त्याच तिजोरीत जायचा. निजाम म्हटलं की इथे रझाकार आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. पण ही मोजणी कुणाच्याच आठवणीत नाही. आम्ही मुसलमानांनी तरी ती कुठे जपली? पाहुणे आले की मकबरा आणि पानचक्की, झालं!

ती मोजणी वाया मात्र गेली नाही. तारा किती सरकला हे कळायला त्याची जुनी जागा ठाऊक असावी लागते. १९८९ साली युरोपचा हिप्पार्कस उपग्रह आकाशात गेला. त्याच्या मोजमापांवरून २००० साली पंचवीस लाख ताऱ्यांची टायको-२ यादी निघाली, तेव्हा ताऱ्यांच्या चाली काढायला जगभरातल्या त्या जुन्या प्लेटांच्या नोंदीच वापरल्या. त्यात हैदराबादच्याही होत्या.