एकाच वयाची झाडे

नवी दिल्लीचे रस्ते मी झाडांवरून ओळखतो. जनपथावर अर्जुन, अकबर मार्गावर चिंच, राजपथावर (२०२२ पासून कर्तव्यपथ) जांभूळ. राजधानीची घोषणा १९११ची, उद्घाटन १९३१चे. त्या दरम्यान ल्युटेन्स यांच्या आराखड्यावर उद्यानतज्ज्ञ मस्टो यांनी ही लागवड केली. बहुतेक रस्त्यांवर एकेकच जात! शोभा अपूर्व, पण एकदम लावलेली झाडे म्हातारीही एकदमच होतात. त्यात आपण थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले, मुळांना पाणी मिळेना. २०१३मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बुंध्याभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला लावले, ते बरेच झाले. मात्र शेजारच्या दाट सावलीत नवे रोप खुरटते. म्हणजे थकलेली झाडे टप्प्याटप्प्याने काढून जागा करावी लागणार. तेव्हा ओरडा होईल, त्यात माझाही आवाज असेल.