मृतदेहाचा ताबा

आपल्या पश्चात घरादाराची व जमीनजुमल्याची व्यवस्था कशी व्हावी हे मनुष्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले, तर दिवाणी न्यायालये ते प्रमाण मानीत आली. परंतु ज्या देहाने त्याने हे सारे मिळविले त्या देहाविषयीचा त्याचा शब्द इंग्रजी कायद्यात दीर्घकाळ बंधनकारक नव्हता, कारण प्रेत ही कोणाचीच मालमत्ता नव्हे, असा तेथील सिद्धांत होता. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर यांनी माणसे मारून त्यांची प्रेते विच्छेदनासाठी विकल्याचे उघडकीस आले. असे गुन्हे टळावेत म्हणून तेथे केलेल्या १८३२ च्या कायद्याने, मृताने हयातीत किंवा नातलगाने मागाहून हरकत घेतली नसल्यास, प्रेत ज्याच्या कायदेशीर ताब्यात असेल त्याला ते शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी देण्याची मुभा दिली. हरकत घेणारे कोणी नसे ते दरिद्रालयात मेलेल्या निराधारांना. म्हणून गरिबाच्या देहाला आप्तांचा नकार हेच काय ते संरक्षण होते, आणि त्या नकाराविषयी मला नितांत आदर वाटतो. आपल्याकडील १९४९ च्या मुंबईच्या कायद्यानेही वैद्यकीय विद्यालयांकडे वळविली ती बेवारस प्रेतेच.

ताब्याची हीच परिभाषा १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात उतरली. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांत अमलात आला. मेंदूमृत ठरविण्यास चार डॉक्टरांचे मंडळ व सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी त्याने आवश्यक केली. दात्याने हयातीत लेखी संमती द्यावी ती दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांतील एक तरी निकटचा नातलग असावा, असाही दंडक घातला. अशी संमती असल्यास, दात्याने ती मागाहून रद्द केल्याचे मानण्यास कारण नसेल तर, प्रेताचा कायदेशीर ताबा असलेल्याने अवयव काढू द्यावेत, असे कायदा सांगतो. तरीही रुग्णालये नातलगांच्या सहीवाचून पाऊल उचलीत नाहीत. यंत्राच्या आधाराने छाती हलते आहे, अंग उबदार आहे, अशा वेळी दाराशी उभ्या असलेल्या पत्नीला डावलण्याचे धैर्य कोणाला होणार? तिचे कचरणे अज्ञानाचे नव्हे. ते प्रेमाचे आहे.

लेखी काही नसेल तेथे तिचाच निर्णय अखेरचा असावा, याविषयी मला शंका नाही. परंतु जेथे पतीने तिच्याच साक्षीने सही केली होती, तेथे देहाचा ताबा येण्यापूर्वीच ती साक्षीदार झालेली असते. म्हणून रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाने तिला ‘तुमची परवानगी आहे का?’ असे न विचारता, ‘त्यांनी आपला शब्द मागे घेतला होता का?’ एवढेच विचारावे.